जुन्या ऑटोमॅटिक ट्रकचा किकडाउन रॉड कसा सेट करावा

मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाट चढायला लागलात, पेडल तळापर्यंत दाबलंत, इंजिन नुसतं घुमतंय आणि गिअर काही तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरत नाही. किंवा याच्या उलट: त्र्यंबक रोडला सपाटीवर रिकामी गाडी आरामात चालली आहे, इंजिन किंचाळायला लागलं तरी पुढचा गिअर पडत नाही, आणि पडतो तेव्हा पाठीत धपाटा बसल्यासारखा. जुन्या ऑटोमॅटिक ट्रकमध्ये या दोन्ही तक्रारींचं मूळ पुष्कळदा एकाच जागी असतं. कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सच्या कुशीपर्यंत गेलेला एक साधा लोखंडी दांडा. त्याला किकडाउन रॉड म्हणतात, आणि तो सेट करायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

आडगावच्या ट्रक टर्मिनलवर ऑटोमॅटिक ट्रक शोधायला गेलात तर लोक तुमच्याकडे बघून हसतील, हे मान्य. इथला ट्रक म्हणजे क्लच आणि हातातला गिअर. पण जुन्या अमेरिकी पिकअप ट्रकची हौस असणारी माणसं आपल्याकडेही आहेत, आणि अशी गाडी ज्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असते त्याचं खरं दुखणं पार्ट्सचं नसून मिस्त्रीचं असतं. द्वारका सर्कलच्या आसपास डिझेल पंपापासून डिफरन्शियलपर्यंत सगळं डोळे मिटून उघडणारे उस्ताद भेटतील, पण ऑटोमॅटिक म्हटलं की हात मागे घेतात. म्हणून हे काम मालकाला स्वतःला यायला हवं. अवघड नाही, फक्त क्रम चुकवून चालत नाही.

खाली मुख्य वर्णन डॉजच्या पिकअप ट्रकमध्ये येणाऱ्या क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट ७२७ या तीन गिअरच्या बॉक्सचं आहे. हा बॉक्स १९६२ साली आला. ट्रकसाठीच्या आवृत्तीला लोडफ्लाइट असंही नाव होतं. फोर्ड, जनरल मोटर्स आणि टोयोटावाल्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे, कारण त्यांची रचना निराळी आहे आणि एकाचं सेटिंग दुसऱ्याला लावलं तर नुकसान ठरलेलं.

हा रॉड नक्की करतो काय

बहुतेकांचा समज असा की हा रॉड फक्त ओव्हरटेक करताना गिअर खाली पाडण्यासाठी असतो. ते त्याचं छोटं काम. मोठं काम आहे प्रेशरचं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आत क्लच आणि बँड (ड्रमभोवती आवळणारे पट्टे) असतात, आणि ते ऑइलच्या प्रेशरने दाबले जातात. गिअर कधी बदलायचा हे दोन प्रेशर एकमेकांशी झुंजून ठरवतात. एक येतं गव्हर्नरकडून. गाडीचा वेग वाढेल तसं ते वाढतं आणि म्हणतं, वरचा गिअर टाक. दुसरं येतं थ्रॉटल व्हॉल्व्हकडून. तुम्ही पेडल जितकं दाबाल तितकं ते वाढतं आणि म्हणतं, थांब, अजून खालच्याच गिअरमध्ये राहा. ७२७ मध्ये हा थ्रॉटल व्हॉल्व्ह हलवणारी एकमेव गोष्ट म्हणजे आपला रॉड. इतर काही बॉक्समध्ये हे काम इंजिनचा व्हॅक्यूम करतो. इथे ती सोय नाही.

आणि इथेच खरी मेख आहे. थ्रॉटल प्रेशर वाढलं की बॉक्समधलं मुख्य प्रेशरही त्याबरोबर वाढतं. म्हणजे तुम्ही लोड घेऊन चढाला पेडल दाबता, इंजिन जास्त ताकद देतं, ती ताकद पेलायला क्लच जास्त जोराने दाबला जायला हवा, आणि ‘आता जास्त जोर लागणार आहे’ हे बॉक्सला कळतं ते फक्त या रॉडमुळे. रॉड सैल असेल, तुटलेला असेल किंवा कोणी काढून ठेवला असेल तर बॉक्सच्या मते तुम्ही कायम पेडलवर हलका पाय ठेवून चालला आहात. इंजिन पूर्ण ताकदीने ओढतंय आणि क्लचवर मात्र आयडलचं, म्हणजे पेडलवर पाय नसतानाचं, प्रेशर. क्लच घसरतो, तापतो, जळतो. तिसऱ्या गिअरचा पुढचा क्लच आधी जातो.

रॉड काढून ठेवला तरी गाडी चालते. गिअर लवकर लवकर आणि अगदी मऊ पडतात, उलट आधीपेक्षा छान वाटते. कार्ब्युरेटर बदलला, नव्याला रॉडची पिनच नव्हती, म्हणून मिस्त्रीने रॉड तारेने बांधून टाकला, अशा गाड्या दिसतात. मालक खूश असतो, आणि एका घाटात बॉक्स जातो. तुमच्या गाडीत रॉड असा बांधलेला आढळला तर तो परत जोडेपर्यंत गाडी शेडबाहेर काढू नका. ढकलून न्या, टो करून न्या, पण चालवू नका. टो करतानाही मागची चाकं वर उचलून किंवा प्रॉपेलर शाफ्ट सोडवून. इंजिन बंद असताना यातल्या बहुतेक बॉक्सचा पंप ऑइल फिरवत नाही आणि आतले भाग कोरडे फिरतात.

हात लावण्याआधी

पहिली गोष्ट ऑइल. ऑइल कमी असेल तर लिंकेजची सगळी लक्षणं हुबेहूब दिसतात आणि तुम्ही तासभर रॉड फिरवत बसता. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून बॉक्स गरम करा, सपाट जागेवर हँडब्रेक लावून उभी करा, ब्रेक दाबून सिलेक्टर सगळ्या जागांवरून एकदा फिरवा आणि न्यूट्रलमध्ये आणा. इंजिन चालू ठेवून डिपस्टिक पाहा. पार्कमध्ये नाही, न्यूट्रलमध्येच: जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये पार्कला टॉर्क कन्व्हर्टरकडे (इंजिनाची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणारा भाग) ऑइल जात नाही आणि लेव्हल खोटी दिसते. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकड्यावर येतो. अशा थंड बॉक्सवर पाहिलेली लेव्हल काहीच कामाची नाही. ऑइल लाल आणि स्वच्छ हवं. काळपट असेल, करपलेला वास येत असेल, तर क्लच आधीच जळायला लागला आहे. मग रॉड सेट करून आजार लपेल, बरा होणार नाही.

दुसरी गोष्ट इंजिनचं आयडल. रॉडचं सेटिंग कार्ब्युरेटरच्या आयडलच्या जागेवरून घेतलं जातं, म्हणून ती जागाच चुकीची असेल तर पुढचं सगळं चुकतं. इंजिन गरम, चोक पूर्ण उघडा, फास्ट आयडलचा कॅम (थंड इंजिनाची रेस चढवून ठेवणारा) सुटलेला, आणि आयडल इंजिनवरच्या स्टिकरप्रमाणे. हे सगळं आधी. रॉड सेट केल्यावर नंतर कधी आयडलचा स्क्रू बराच फिरवला तर रॉड पुन्हा तपासावा लागतो, हेही ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट, जी जवळजवळ कोणी बघत नाही: पेडल. इंजिन बंद करा. एकाला आत बसवून पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि तुम्ही एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या घशात पाहा. थ्रॉटलच्या पाकळ्या पूर्ण उभ्या झाल्या पाहिजेत. आपल्याकडे अशा कित्येक गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणलेलं असतं आणि त्या वेळी पेडलही हलवलेलं असतं. केबल कुठल्याशा दुसऱ्याच गाडीची, तिचा ब्रॅकेट गॅरेजमध्ये वेल्डिंग मारून बनवलेला. त्यामुळे पेडल तळाला टेकलं तरी थ्रॉटल पाऊणच उघडतो, असं सर्रास आढळतं. शिवाय पायाखालची जाड मॅट. थ्रॉटलच पूर्ण उघडत नसेल तर किकडाउन येणार कुठून? आधी केबलचा ताण आणि पेडलचा स्टॉप ठीक करा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात असं माझं मत आहे, आणि या पायरीला पैसाही लागत नाही.

हत्यारं आणि तयारी

अमेरिकी गाडी म्हणजे इंची नट. ७/१६, १/२ आणि ९/१६ चे पाने हवेत. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि नटाचे कोपरे खातो. एक चांगला टॉर्च, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, थोडं ग्रीस, खूण करायला पांढरा रंग किंवा नेलपॉलिश, आणि मदतीला एक माणूस. माणूस असा हवा की सांगितलं तेवढंच करेल.

गाडीखाली जावं लागणार आहे, म्हणून इंजिन बंद, किल्ली खिशात, चारही चाकांना लाकडी गुटके. गाडी उचलायची असेल तर जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. बॉक्सच्या डाव्या बाजूलाच सायलेन्सरचा पाइप जवळून जातो आणि काम इंजिन नुकतंच गरम झालेलं असताना करायचं आहे, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

लिव्हर ओळखा, मग लिंकेज साफ करा

बॉक्सच्या डाव्या कुशीला दोन लिव्हर एकाच जागी, एकात एक बसवल्यासारखे दिसतील. एक गिअर सिलेक्टरचा. सिलेक्टर हलवला की तो हलतो. त्याच्या पोकळ शाफ्टमधून बाहेर आलेल्या बारीक शाफ्टवरचा दुसरा लिव्हर म्हणजे थ्रॉटल लिव्हर. आपल्याला हवा तो हाच. रॉड सोडवून हा लिव्हर हाताने पुढेमागे करून पाहा. गाडीच्या तोंडाकडे, म्हणजे पुढे, नेला की तो आतल्या स्टॉपला टेकतो: ही आयडलची जागा. मागे नेलात की स्प्रिंगचा विरोध जाणवतो, आणि शेवटच्या थोड्या प्रवासात तो विरोध वाढतो: ती किकडाउनची जागा. हा प्रवास बोटांना नीट कळू द्या, कारण पुढचं सगळं काम याच दोन टोकांचं आहे.

लिव्हर अडखळत हलत असेल तर शाफ्टभोवती चिखल आणि गंज बसला आहे. इगतपुरीच्या पावसात एक मोसम काढलेल्या गाडीचं लिंकेज असं हमखास धरतं. स्प्रे मारा, ब्रशने घासा, पुढेमागे करत राहा. तिथूनच ऑइल झिरपत असेल तर आतलं बारीक सील गेलं आहे. या बॉक्समध्ये ती गळतीची ओळखीची जागा आहे. सेटिंगला त्याने अडत नाही, पण लेव्हल हळूहळू उतरत राहते.

आता वरून खाली येत प्रत्येक सांधा बोटांनी हलवून पाहा. कार्ब्युरेटरची पिन, ती ज्यात सरकते ती रॉडची खाच, मधला बेलक्रँक (वरच्या रॉडची ओढ खालच्या रॉडला देणारा लिव्हर), त्याचे बुश, खालचा रॉड, आणि लिव्हरला शाफ्टवर पकडणारा क्लॅम्प बोल्ट. प्लॅस्टिकचे बुश चाळीस-पन्नास वर्षांत चुरा झालेले असतात. तीन सांध्यांत थोडी थोडी ढील असली तरी खाली पोचेपर्यंत ती चांगलीच होते, आणि मग तुम्ही कितीही काळजीपूर्वक सेट केलं तरी पेडलचा पहिला भाग वाया जातो. मूळ बुश मागवायला वेळ आणि पैसा दोन्ही जातात. मी तर म्हणेन सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडे जुनी पिन घेऊन जा आणि पितळेचा बुश कापून घ्या. पिन झिजून अंडाकृती झाली असेल तर तीही नवी करा. फक्त मोकळेपणा ठेवायला सांगा: बुश सहज फिरला पाहिजे, ठोकून बसवलेला नको.

रिटर्न स्प्रिंग जागेवर आहेत ना तेही इथेच बघा. एक कार्ब्युरेटरवर, एक रॉडच्या बाजूला. जाड स्प्रिंग मिळाली म्हणून लावू नका, पेडल जड होतं. आणि स्प्रिंगशिवाय तर अजिबात चालवू नका.

सेटिंग

इंजिन गरम आहे, चोक उघडा आहे, फास्ट आयडल सुटलेलं आहे आणि इंजिन बंद आहे याची शेवटची खात्री करा.

रॉडच्या लांबीचं कुलूप शोधा. काही वर्षांच्या गाड्यांत रॉडवर सरकणारा फिरता जोड, म्हणजे स्विव्हल, आणि त्याला दाबून धरणारा स्क्रू असतो. काहींत रॉडच्या टोकाला आटे, त्यावर फिरणारा तुकडा आणि लॉक नट. जे असेल ते ढिलं करा, काढू नका.

मदतनीसाला खाली पाठवा. त्याने गिअरबॉक्सचा थ्रॉटल लिव्हर पुढच्या स्टॉपला टेकवून धरायचा. दाबून वाकवायचा नाही, टेकवून धरायचा. वर तुम्ही रॉडची लांबी अशी करा की खाचेची जी कड थ्रॉटल उघडताना पिनला लागते, ती आत्ता, आयडलच्या जागेवरच, पिनला नुसती टेकलेली असेल. फट नको, आणि पिनला ढकलणारा जोरही नको. फट राहिली तर पेडलचा सुरुवातीचा प्रवास बॉक्सपर्यंत पोचत नाही. जोर राहिला तर थ्रॉटल पूर्ण बंद होत नाही आणि आयडल चढतं. टेकलं की स्क्रू आवळा. स्विव्हलच्या स्क्रूला साधारण ११ न्यूटन-मीटर पुरतात. दंडाची ताकद दाखवलीत तर आटे जातील.

आता दुसरं टोक. मदतनीसाला केबिनमध्ये पाठवून पेडल तळापर्यंत दाबून धरायला सांगा. तुम्ही खाली जाऊन थ्रॉटल लिव्हर बोटाने आणखी मागे ढकलून पाहा. तो जवळजवळ मागच्या टोकाला पोचलेला हवा. अगदी थोडा प्रवास उरला तर हरकत नाही. बराच उरला असेल तर किकडाउन मिळणार नाही आणि लोडवर प्रेशरही कमी पडेल. उलट, थ्रॉटल पूर्ण उघडण्याआधीच लिव्हर मागच्या स्टॉपला आदळत असेल तर पायाचा सगळा जोर रॉडवर आणि बेलक्रँकवर येतो आणि काहीतरी वाकतं.

पुढचं टोक बरोबर जुळलं आहे पण मागचं जुळत नाही, असं झालं तर समजा की कार्ब्युरेटर मूळचा नाही. प्रत्येक कार्ब्युरेटरच्या लिव्हरवर पिनचं भोक मध्यापासून वेगळ्या अंतरावर असतं. भोक मध्यापासून लांब असेल तर तेवढ्याच थ्रॉटलला रॉड जास्त सरकतो. जवळ असेल तर कमी. लिव्हर मागे पोचत नसेल तर पिन बाहेरच्या बाजूला हवी, लवकर पोचत असेल तर आतल्या. लांबी कमीजास्त करून हा दोष जात नाही, फक्त एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो. लिव्हरला जोडपट्टी करून नवं भोक पाडणं हाच उपाय, आणि तेही काम लेथवाला करून देतो.

पेट्रोल परवडेना म्हणून कोणी डिझेल इंजिन टाकलेलं असेल तर हा प्रश्न हमखास येतो, कारण डिझेल पंपाचा लिव्हर कार्ब्युरेटरइतका फिरत नाही. नियम तोच: आयडलला पुढचा स्टॉप, पूर्ण रेसला मागचा, आणि मधला सगळा प्रवास सारखा वाटलेला.

शेवटी पेडल तीन-चार वेळा दाबून सोडा. सोडल्यावर थ्रॉटल आणि रॉड दोन्ही झटकन आयडलला परत आले पाहिजेत. कुठेही अडकत असेल, एअर क्लीनरला घासत असेल, हीटरच्या पाइपला लागत असेल तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही. रेस अडकलेली ऑटोमॅटिक गाडी घाटात काय करते हे अनुभवायची गरज नाही. क्लच दाबून सुटका करून घ्यायची सोय तिच्यात नसते. तशी वेळ आलीच तर सिलेक्टर न्यूट्रलला टाका आणि ब्रेक मारा, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

रस्त्यावर

लॉक स्क्रूच्या जागेवर रंगाची खूण करा, म्हणजे मागे यायचं झालं तर कुठे यायचं ते कळेल. मग पहाटे, गर्दी नसताना, विल्होळीच्या पुढे किंवा त्र्यंबक रोडला सातपूर सोडल्यावर गाडी न्या.

आधी पेडलवर हलका पाय. दुसरा गिअर साधारण ताशी १५ ते २५ किलोमीटरच्या दरम्यान आणि तिसरा २५ ते ३५ च्या दरम्यान पडायला हवा. मागच्या एक्सलचा रेशो आणि टायरचा आकार यावर हे आकडे पुढेमागे होतात, आणि आपल्याकडे मूळ मापाचे टायर क्वचितच असतात, म्हणून आकड्यापेक्षा गिअर पडण्याची तऱ्हा बघा. गिअर पडल्याचं जाणवलं पाहिजे, पण मान हलता कामा नये.

मग अर्धं पेडल. गिअर बदलण्याचा वेग वाढला पाहिजे आणि बदल जरा ठाम झाला पाहिजे. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिनाची रेस क्षणभर उसळली आणि मग गाडीने पकड घेतली, तर प्रेशर कमी आहे. लगेच थांबा. हीच ती क्लच जाळणारी अवस्था. रॉड घट्ट बाजूला न्या. हलक्या पायावरही गिअर उशिरा आणि धक्क्याने पडत असेल, आणि थांबण्यासाठी वेग कमी करताना खालचा गिअर झटका देत असेल, तर तो जास्त घट्ट आहे.

घट्ट आणि सैल कुठली बाजू हे आट्यांवरून पाठ करू नका, गाडीगणिक बदलतं. ज्या बाजूला फिरवल्यावर बॉक्सचा लिव्हर मागे सरकतो ती घट्ट. एका वेळी अर्धा आटा, मग पुन्हा चक्कर. आयडलच्या जागेवरून केलेलं सेटिंग नीट असेल तर आटा-दीड आट्याच्या आतच काम होतं. त्याहून जास्त फिरवावं लागत असेल तर दोष दुसरीकडे आहे, आणि तुम्ही रॉडने तो झाकत आहात.

किकडाउनची परीक्षा शेवटी. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० च्या आसपास तिसऱ्यात चालत असताना पेडल तळापर्यंत दाबा. बॉक्स लगेच दुसऱ्यावर उतरला पाहिजे आणि पाय सैल केल्यावर परत तिसऱ्यावर गेला पाहिजे. चढावर पाहायचं तर आग्रा रोडला चांदवडजवळचा राहुड घाट आहे, पण तिथे अवजड वाहनांची रांग असते. सपाटीवर समाधान झाल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

मला विचाराल तर शंका असेल तेव्हा रॉड किंचित घट्ट बाजूला ठेवा. गिअर थोडा उशिरा पडेल, थोडं पेट्रोल जास्त जाईल, बायको म्हणेल गाडी धक्के मारते. चालेल. सैल बाजूची गाडी बसायला गोड असते आणि खर्चाला कडू.

रॉडचा दोष नसतो तेव्हा

एक घोळ नेहमी होतो. किकडाउन रॉड वेगळा आणि किकडाउन बँड वेगळा. बँड बॉक्सच्या आत असतो, दुसऱ्या गिअरमध्ये पकड घेतो, आणि त्याचा ॲडजस्टिंग स्क्रू डाव्या बाजूलाच, थ्रॉटल लिव्हरच्या जवळ बाहेर दिसतो. पहिला आणि तिसरा ठीक, पण दुसऱ्यातच घसरतंय, तर रॉडला हात लावू नका, बँड पाहा. लॉक नट सोडवून स्क्रू ७२ इंच-पाउंडला, म्हणजे साधारण ८ न्यूटन-मीटरला आवळायचा आणि मग तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेले आटे मागे घ्यायचे, बहुतेक दोन ते अडीच. टॉर्क पाना नसेल तर हे काम अंदाजाने करू नका.

गाडी गरम झाल्यावरच घसरत असेल, किंवा रिव्हर्सही सुस्त असेल, तर फिल्टर तुंबलेला किंवा पंप थकलेला असू शकतो. तिथे प्रेशर गेज लावल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. ३०० पीएसआयपर्यंतचं हायड्रॉलिक गेज आणि पाइप अंबडच्या हायड्रॉलिक्सच्या दुकानांत मिळतो. रिव्हर्समध्ये या बॉक्सचं प्रेशर २०० च्या बरंच वर जातं, तेव्हा हलकं गेज लावू नका.

दुसऱ्या कंपन्यांचे बॉक्स

फोर्डच्या पिकअपमधल्या सी६ मध्ये प्रेशर ठरवतो तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा व्हॅक्यूम मॉड्युलेटर. रॉड फक्त जबरदस्तीने गिअर पाडण्यापुरता. म्हणून तिथे सेटिंग आयडलला करायचं नाही, पूर्ण उघड्या थ्रॉटलला करायचं: लिव्हर किकडाउनच्या टोकाला धरून, थ्रॉटल पूर्ण उघडून, स्क्रू आणि लिव्हर यांच्यात साधारण दीड मिलिमीटर फट ठेवायची. गिअर उशिरा आणि धक्क्याने पडत असेल तर आधी मॉड्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढून पाहा. त्यात लाल ऑइल सापडलं तर आतला पडदा फाटला आहे. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर तोही त्याचाच. डिझेल इंजिन टाकलेल्या गाडीत व्हॅक्यूमच नसतो, तिथे वेगळा पंप आणि रेग्युलेटर लागतो.

जनरल मोटर्सच्या टीएच३५० मध्येही मॉड्युलेटर आणि सोबत किकडाउनची केबल असते. टीएच४०० मध्ये केबलही नाही, विजेचा स्विच असतो. गिअर पडत नसेल तर वायर तपासा. १९८२ पासूनच्या ७००आर४ ची केबल मात्र टॉर्कफ्लाइटच्या रॉडइतकीच जीवघेणी आहे. इंजिन बंद ठेवून केबलच्या टोकाचं बटण दाबा, सरकणारा भाग थ्रॉटलपासून दूर, मागे ढकला, बटण सोडा आणि थ्रॉटल लिव्हर हाताने पूर्ण उघडा. कट-कट आवाज करत केबल स्वतःच जागेवर बसते.

टोयोटाच्या केबलवाल्या बॉक्समध्ये सगळ्यात सोपं काम. पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि केबलवर चिमटलेला छोटा स्टॉपर व रबरी बुटाचं टोक यांच्यातलं अंतर मोजायचं. ते ० ते १ मिलिमीटर हवं. नसेल तर ब्रॅकेटवरचे दोन नट फिरवून आणायचं. केबल नवी टाकली असेल आणि स्टॉपर चिमटलेला नसेल तर तो जुन्या केबलच्या मापाने आधी बसवून घ्या.

कुठलाही बॉक्स असो, कार्ब्युरेटर उघडला, इंजिनखालचे रबरी माउंट बदलले किंवा आयडल हलवलं की हे सेटिंग पुन्हा पाहायचं. माउंट बसले की इंजिन खाली येतं आणि रॉड आपोआप लांब-आखूड झाल्यासारखा होतो. खुणेचा रंग तडकलेला दिसला तर लॉक नट हललेला आहे. तो आवळण्याआधी वरची पिन आणि खाच पुन्हा एकदा टेकवून घ्या.